इंग्लिश शिकवणारे शिक्षक तयार करताना: वर्गात मागे बसणाऱ्या ट्रेनरसाठी

ज्यांच्या घरात इंग्लिश बोललं जात नाही अशा माणसांना इंग्लिश शिकवणारे शिक्षक तयार करायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसेल बघा. ट्रेनी वर्गासमोर उभा राहतो आणि त्याचं सगळं लक्ष स्वतःकडे असतं, आपला उच्चार बरोबर येतोय ना, फळ्यावरची ओळ वाकडी गेली का, प्लॅनमध्ये पुढे काय होतं, मागे बसलेल्या मॅडम नक्की काय लिहितायत. समोर पंधरा-वीस माणसं बसलीयेत ती त्याला दिसतच नाहीत. म्हणजे घोळका दिसतो, पण तिसऱ्या बाकावरची बाई मगाचपासून वही मिटून बसलीये हे दिसत नाही. मी बरीच वर्षं शिक्षकांना ट्रेन करतेय आणि माझं मत आता पक्कं झालंय की आपलं मुख्य काम ही नजर फिरवायचं आहे, स्वतःवरून शिकणाऱ्यावर. मेथड, टेक्निक, लेसन प्लॅन हे सगळं लागतंच, पण नजर फिरली तरच त्याचा उपयोग होतो.

ट्रेनी कोरी पाटी घेऊन येत नाही

डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक हिशोब मांडला होता, शाळा संपेपर्यंत प्रत्येक विद्यार्थी साधारण १३,००० तास शिक्षकांसमोर बसलेला असतो. म्हणजे तुमच्याकडे आलेल्या प्रत्येक ट्रेनीने शिकवणं म्हणजे काय हे १३,००० तास बघितलंय, फक्त ते बाकावरून बघितलंय. शिक्षक काय करतो ते त्याला पाठ असतं, का करतो ते माहीत नसतं. त्यामुळे तुम्ही दोन आठवडे कितीही छान लेक्चर द्या, वर्गात घाबरगुंडी उडाली की तो त्याच्या सातवीतल्या सरांसारखंच शिकवायला लागतो, वाक्य वाचा, अर्थ सांगा, पाठ करा.

यावर उपाय म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना परत विद्यार्थी करा. कुणालाच येत नाही अशी एखादी भाषा घ्या आणि त्या भाषेतच अर्धा तास शिकवा, मधे मराठी नाही, इंग्लिश नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सर्ट-टिसॉल म्हणून इंग्लिश शिकवणाऱ्यांसाठीचा कोर्स आहे, त्यात हा अनोळखी भाषेचा भाग मुद्दाम ठेवलेलाच आहे. मी स्वाहिली घेते कारण मला तिचे दोन-तीन धडे शिकवता येतील एवढी ती येते, तेवढी पुरते. खुर्चीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं "हिकी नी किटी", म्हणजे ही खुर्ची आहे. हे किटी ऐकताना आपल्या कितीच्या इतकं जवळ जातं की दरवेळी कुणीतरी बोटं मोजायला लागतं, त्याला वाटतं मी खुर्च्या किती ते विचारतेय! मग दाराकडे जाऊन "हुउ नी म्लांगो", हे दार आहे. थोड्या वेळाने वर्गात कुजबुज सुरू होते, खुर्चीला हिकी आणि दाराला हुउ का? मी उत्तर देत नाही, आणखी चार वस्तू दाखवते. मग कुणीतरी म्हणतं, अहो आपल्याकडे हा, ही, हे आहे तसलंच काहीतरी दिसतंय. अगदी बरोबर, स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात आणि "हे" साठीचा शब्द त्यानुसार बदलतो.

धडा संपल्यावर लगेच त्यांच्याकडून लिहून घ्या. कितव्यांदा ऐकल्यावर तोंड उघडावंसं वाटलं? कधी वाटलं की आपल्याला विचारू नये? मी भराभर बोलले तेव्हा काय झालं? एका ट्रेनीने लिहिलं होतं की तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मला येत असलेला शब्दसुद्धा गेला. हा कागद जपून ठेवायला सांगा. पुढे महिन्याभरात जेव्हा तोच ट्रेनी म्हणेल की माझे विद्यार्थी बोलतच नाहीत, काही तयारीच करत नाहीत, तेव्हा तो कागद त्याच्यासमोर ठेवायचा, वेगळं काही बोलायची गरज पडत नाही.

इंग्लिश येणं वेगळं, इंग्लिश उलगडून दाखवणं वेगळं

फाडफाड इंग्लिश बोलणारे ट्रेनी इथे सगळ्यात जास्त अडकतात. त्यांना वाक्य बरोबर की चूक ते कानाने कळतं पण का ते सांगता येत नाही. अशा वेळी ग्रामरचं पुस्तक पहिल्या पानापासून काढू नका, दोन-दोन वाक्यांच्या जोड्या द्या आणि फरक त्यांनाच शोधू द्या. उदाहरणार्थ "आय लॉस्ट माय कीज" आणि "आय हॅव लॉस्ट माय कीज". मराठीत आपण "किल्ल्या हरवल्या" आणि "किल्ल्या हरवल्यात" म्हणतो, तर बऱ्याच जणांना वाटतं की झालं, हे आपल्यासारखंच आहे. पण मग त्यांना विचारा, "मी हा पिक्चर गेल्या वर्षी पाहिलाय" हे मराठीत चालतं ना? चालतं. इंग्लिशमध्ये "आय हॅव सीन धिस फिल्म लास्ट इयर" चालत नाही, कारण लास्ट इयर म्हटलं की वेळ ठरली आणि ती वेळ संपलेली, मग "आय सॉ" लागतं. मराठी माणूस ही चूक वर्षानुवर्षं का करतो ते या एका जोडीत कळतं. ट्रेनीला शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते असंच दिसायला लागतं, म्हणून मी म्हणते की विद्यार्थ्याची भाषा येणारा शिक्षक हा मोठा फायद्यात असतो.

अर्थ कळला का ते तपासायची पण एक पद्धत असते आणि ती शिकवावी लागते. सगळे ट्रेनी "डू यू अंडरस्टँड?" विचारतात आणि सगळा वर्ग "येस" म्हणतो, त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी छोटे प्रश्न तयार करायला लावा. किल्ल्यांच्याच वाक्यावर, "डू आय हॅव माय कीज नाउ?" नो. "डू यू नो व्हेन आय लॉस्ट देम?" नो. "व्हॉट इज इम्पॉर्टंट, द टाइम ऑर द प्रॉब्लेम नाउ?" असे प्रश्न म्हणजे कन्सेप्ट चेकिंग. नियम दोनच आहेत, जे शिकवतोय तेच रूप प्रश्नात वापरायचं नाही आणि उत्तर एक-दोन शब्दांत देता आलं पाहिजे. हे वर्गात उभ्या उभ्या सुचत नाही, पहिले काही महिने घरून लिहूनच आणावे लागतात आणि लिहून आणायलाच लावा.

उच्चारांवर एक अख्खा दिवस ठेवा. पास्ट टेन्सचा इडी शेवटी तीन प्रकारे येतो, वॉक्ट, प्लेड आणि वॉन्टिड, आणि आपण लिहिलेलं बघून "वॉकेड" म्हणतो. बनाना या शब्दात ए तीनदा आहे पण जोर फक्त मधल्यावर, पहिला आणि शेवटचा जवळजवळ गिळलेला. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या भागावर, फोटॉग्रफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. ट्रेनींना टाळ्या वाजवून, टेबलावर ठोकून हे करायला लावा, आधी लाजतात मग मजा येते. देवनागरीत उच्चार लिहून देण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. माझं म्हणणं असं की सुरुवातीला आधार म्हणून चालेल पण लक्षात ठेवा की वेस्ट आणि व्हेस्ट मधला फरक आपण व आणि व्ह ने दाखवतो खरा, तोंड मात्र दोन्हीकडे एकच करतो. तिथे आरसाच हवा, व्हेस्टला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, वेस्टला ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत.

मेथडचा इतिहास मी एका सकाळीत उरकते. ग्रामर आणि भाषांतर, मग पाठांतर आणि ड्रिल, मग १९७० च्या दशकापासून भाषा वापरत वापरत शिकायचा विचार. इंग्लिश शिकवण्यावर काम करणारे भारतीय अभ्यासक एन. एस. प्रभू यांचा बंगलोरचा प्रकल्प, १९७९ ते १९८४, हा मात्र नक्की सांगते, कारण तिथे साध्या शाळांच्या वर्गात ग्रामरचा धडा न घेता मुलांना कोडी, वेळापत्रकं, नकाशे सोडवायला देऊन इंग्लिश शिकवून पाहिलं होतं. आणि याच प्रभूंनी पुढे १९९० मध्ये लिहिलं की सर्वांत उत्तम अशी एक मेथड नसतेच, शिक्षकाला आपल्या शिकवण्यातून शिकणं कसं घडतं याची स्वतःची एक समज असावी लागते. ट्रेनीला हे वाक्य सुरुवातीला कळत नाही, कोर्सच्या शेवटी कळतं.

वर्गातल्या सूचना: इथे सगळ्यात लवकर सुधारणा दिसते

एका ट्रेनीचं बोलणं मी जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. "ओके सो नाउ व्हॉट आय वुड लाइक यू टू डू इज, आय एम गोइंग टू गिव्ह यू सम पेपर्स अँड यू हॅव टू सॉर्ट ऑफ डिस्कस द क्वेश्चन्स विथ युवर पार्टनर बट प्लीज डोन्ट राइट एनीथिंग, ओके?" आणि हे सगळं कागद वाटता वाटता. वर्ग अगदी प्राथमिक, एवन लेव्हलचा. वर्गातल्या अर्ध्या लोकांनी पेन काढून लिहायला सुरुवात केली, कारण त्यांना एकच शब्द पकडता आला होता, राइट!

मी तो कागद तिला दिला आणि म्हटलं यातले जे शब्द काढले तरी चालेल ते खोड. उरलं एवढंच: "वर्क इन पेअर्स. रीड. टॉक. नो रायटिंग. टू मिनिट्स." सोबत हाताने दोन माणसं एकत्र दाखवायची, पेन उचलून बाजूला ठेवून दाखवायचं, एका विद्यार्थ्याला घेऊन पहिला प्रश्न सगळ्यांसमोर करून दाखवायचा, मग विचारायचं "आर यू रायटिंग?" नो. "अलोन ऑर टुगेदर?" टुगेदर. आणि कागद सगळ्यात शेवटी वाटायचे, कारण कागद हातात आला की माणूस कागद बघतो, तुम्हाला ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी तिचा वर्ग अर्ध्या मिनिटात कामाला लागला आणि तिला पहिल्यांदा रिकामं उभं राहून वर्ग बघायला वेळ मिळाला.

म्हणून ट्रेनिंगमध्ये सूचनांची वेगळी प्रॅक्टिस घ्या. प्रत्येकाने मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा, घरी जाऊन सूचना शब्दन् शब्द लिहायच्या आणि खोडायच्या. कंटाळवाणं काम आहे पण तीन वेळा केलं की बोलणं आपोआप आखूड होतं.

शिकवायला लवकर उतरवा, आणि परत शिकवायला लावा

केंब्रिजचा सेल्टा हाही इंग्लिश शिकवणाऱ्यांसाठीचाच कोर्स, त्यात साधारण १२० तासांचं काम असतं, त्यातच प्रत्येक ट्रेनीने खऱ्या विद्यार्थ्यांना ६ तास शिकवायचं आणि ६ तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे असतात, शिकवणं किमान दोन वेगळ्या लेव्हलना. ६ तास ऐकायला कमी वाटतात पण ते तुकड्या-तुकड्यात असतात आणि प्रत्येक तुकड्यानंतर चर्चा असते, म्हणून कामाला येतात. तुमचा कोर्स कुठलाही असो, शिकवणं शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. आधी सगळी थिअरी आणि मग प्रॅक्टिस असं ठेवलंत तर थिअरी ऐकताना त्यांच्याकडे तिला जोडायला काहीच नसतं.

सुरुवात मायक्रोटीचिंगने करा. हे स्टॅनफर्डला १९६३ च्या सुमारास ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलं, पाच-दहा मिनिटांचा धडा, चार-पाच विद्यार्थी, एकच कौशल्य, मग चर्चा, आणि मग तोच धडा दुसऱ्या विद्यार्थ्यांना परत. यातलं "परत" सगळीकडे गळून पडतं, वेळ नाही म्हणून. माझ्या मते नेमका जीव तिथेच आहे. चर्चेत कळलेलं हाताला लागतं ते दुसऱ्यांदा शिकवताना. दहा जणांना एकेकदा घेण्यापेक्षा पाच जणांना दोन-दोनदा घ्या आणि उरलेल्या पाच जणांना पुढच्या आठवड्यात.

आणि ट्रेनींनी एकमेकांनाच विद्यार्थी समजून शिकवणं हे पहिल्या एक-दोन वेळांपुरतं ठीक, त्यापुढे नाही. ते खोटं खोटं चुकतात, किंवा चुकतच नाहीत, आणि शिकवणाऱ्याला वाटतं की जमलं. शिकायला खरोखर आलेली दहा माणसं मिळवा, त्यांना क्लास फुकट द्या, पण आधी स्पष्ट सांगा की शिकवणारे नवीन आहेत. पाहुणे बघायला येणार म्हणून आधी घोटून घेतलेला दिखाऊ धडा तर अजिबात नको, त्यातून ट्रेनी एकच धडा शिकतो की वर्ग म्हणजे नाटक.

वीस मिनिटांपासून सुरू करून चाळीसपर्यंत न्या. प्लॅनमध्ये बाकी काही असो नसो, वर एक ओळ पाहिजे: तास संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल. "प्रेझेंट परफेक्ट शिकवणे" हे शिक्षकाचं काम झालं. "आत्तापर्यंत कुठे कुठे जाऊन आलो हे जोडीदाराला विचारता आणि सांगता येईल" हे विद्यार्थ्याचं. ही एक ओळ बदलली की अर्धा प्लॅन आपोआप बदलतो.

दुसऱ्याचा तास बघताना एकच काम

"जा, तास बघून या" म्हणून पाठवलं तर ट्रेनी परत येऊन सांगतो, छान होता. एक ठरावीक काम द्या. कोण कुणाशी बोललं त्याचे बाण काढ. शिक्षकाच्या प्रश्नानंतर किती सेकंद गेले ते मोज. एकच विद्यार्थी निवड आणि तासभर त्याने काय काय केलं तेवढंच लिही. हे शेवटचं मला सगळ्यात आवडतं. आणि बसवायचं मागच्या भिंतीला टेकून नाही, विद्यार्थ्यांच्या बाजूने, जिथून त्यांचे चेहरे आणि वह्या दिसतील.

सेकंद मोजण्याचं म्हणाल तर मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हे मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबायला लावल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली, जास्त मुलं बोलू लागली. परक्या भाषेत तर विद्यार्थ्याला प्रश्न समजून घ्यायचाय, उत्तर शोधायचंय, शब्द शोधायचेत, वाक्य जुळवायचंय, तीन सेकंदही कमीच. ट्रेनीला शांतता सहन होत नाही, त्याला वाटतं आपण काही करत नाही आहोत. त्याला सांगा की मनात पाच अंक मोज आणि तेवढा वेळ चेहरे बघ.

चुका सुधारण्याचंही असंच. विद्यार्थी म्हणतो "शी गो टू मार्केट येस्टरडे" आणि शिक्षक हसून म्हणतो "ओह, शी वेंट टू द मार्केट!" आणि विद्यार्थी म्हणतो "येस". शिक्षकाला वाटतं सुधारलं, विद्यार्थ्याला वाटतं आपलं ऐकलं आणि पटलं. लिस्टर आणि रांता यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या वर्गांवर जो अभ्यास छापला त्यात हेच दिसलं, शिक्षकांचा निम्म्याहून जास्त फीडबॅक अशा बदलून परत म्हणण्याचा होता आणि विद्यार्थ्यांकडून प्रतिसाद सगळ्यात कमी त्यालाच मिळाला. म्हणून ट्रेनीला दुसऱ्याही युक्त्या द्या. "शी...?" म्हणून थांबायचं. पाच शब्द पाच बोटांवर घ्यायचे आणि चुकीच्या शब्दाचं बोट हलवायचं. किंवा माणूस मनापासून काही सांगत असेल तर अजिबात थांबवायचं नाही, चूक टिपून ठेवायची आणि शेवटी फळ्यावर नाव न घेता सगळ्यांसमोर मांडायची. कुठली कधी, हे बघूनच कळतं.

तासानंतरची चर्चा

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण ट्रेनर म्हणून खरं काम इथे होतं. सुरुवातीच्या काळात मी एका मुलीला बावीस मुद्द्यांची यादी दिली होती, सगळे मुद्दे बरोबर होते. पुढच्या तासाला ती यादी घडी करून हातात धरून शिकवत होती आणि दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघत होती, वर्गाकडे नाही. तिची नजर मीच माझ्याकडे ओढून घेतली होती. तेव्हापासून जास्तीत जास्त दोन मुद्दे, त्यातला एक जपायचा आणि एक बदलायचा.

तास बघताना मी तीन रकाने आखते. वेळ, काय झालं, आणि माझा प्रश्न. मधल्या रकान्यात मत लिहायचं नाही, "विद्यार्थी कंटाळले" असं नाही, "१०:१२, मागचे दोघं मोबाइल बघतायत, वही कोरी" असं. चर्चेत हा रकाना ट्रेनीपुढे ठेवला की वाद होत नाही.

एक तास सांगते. विषय होता रस्ता विचारणं आणि सांगणं. टर्न लेफ्ट, गो स्ट्रेट, इट्स नेक्स्ट टू द बँक. ट्रेनीने नकाशा काढून आणला होता, शब्द छान शिकवले, ड्रिल झालं, मग जोड्यांमध्ये काम, सगळे बोलत होते, हसत होते, वेळेत संपलं. ती खूश होती. मी विचारलं, शेवटच्या दहा मिनिटांत कुणी कुणी "टर्न लेफ्ट" म्हटलं? तिने आठवून बघितलं, म्हणाली सगळेच बोलत होते की. मी माझा मधला रकाना दाखवला. खिडकीजवळच्या गृहस्थांनी तिन्ही वेळा नकाशावर बोट ठेवून "दिस साइड, दिस साइड, हिअर" एवढंच म्हटलं होतं आणि त्यांचा जोडीदार बरोबर जागी पोचला होता. त्यांच्याजवळच्या जोडीचंही तेच. मी पुढे काही बोलले नाही. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, मॅडम, नकाशा दोघांना दिसत होता ना, मग बोलायची गरजच नव्हती!

हे मी तिला थेट सांगू शकले असते, माहितीत अंतर ठेवावं लागतं, म्हणजे एकाला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नसावं, वगैरे. तिने पुस्तकात ते वाचलंही होतं. पण त्या गृहस्थांच्या बोटाकडे बघून तिला जे कळलं ते वेगळं. दुसऱ्या दिवशी तिने दुसऱ्या गटाला तोच धडा दिला, दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं, एकाच्याच नकाशावर दुकानांची नावं. आवाज दुप्पट झाला, गोंधळ झाला, "नो नो, लेफ्ट, टर्न लेफ्ट आफ्टर द बँक!" असं एक बाई ओरडून सांगत होत्या, आणि ट्रेनी भिंतीशी उभी राहून ऐकत होती, वहीत लिहीत होती.

तर चर्चा सुरू करताना "कसं वाटलं?" विचारू नका, त्याचं उत्तर स्वतःबद्दलच येतं. "आज कुणाला काय नव्याने जमलं? तुला कसं कळलं?" इथून सुरू करा. उत्तर येत नसेल तर विद्यार्थ्यांच्या वह्या मागवून घ्या आणि दोघं मिळून बघा. आधी गोड, मग कडू, मग परत गोड असा जो ठरलेला साचा आहे तो मला पटत नाही, ट्रेनी गोड भाग ऐकतच नाही, "पण" कधी येतोय त्याची वाट बघत बसतो. खरं चांगलं झालं असेल ते नेमकं सांगा, कुठल्या मिनिटाला, कुणाच्या बाबतीत. आणि एखादा ट्रेनी खरोखरच अजून वर्ग सांभाळायला तयार नसेल तर तेही कोर्स अर्धा असतानाच, लेखी आणि स्पष्ट सांगा, काय बदललं तर पास ते सांगा. शेवटच्या दिवशी सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि न सांगता पास करणं हा त्याच्या पुढच्या विद्यार्थ्यांवर.

ट्रेनीच्या स्वतःच्या इंग्लिशबद्दल

बरेच ट्रेनी मनात एक ओझं घेऊन येतात, की आपण काही इंग्रज नाही, आपलं इंग्लिश ते खरं नाही. रॉबर्ट फिलिप्सन या भाषा-अभ्यासकाने १९९२ मध्ये या समजुतीला सरळ भ्रम म्हटलं होतं, की इंग्लिशचा उत्तम शिक्षक म्हणजे जन्माने इंग्लिश बोलणारा. ज्याने ही भाषा स्वतः कष्टाने शिकलीये त्याला तो रस्ता पायाखालचा आहे, कुठे ठेच लागते ते माहीत आहे. हे फक्त धीर द्यायला सांगू नका, कामाला लावा: "तू स्वतः हे कधी आणि कसं शिकलास?" हा प्रश्न प्रत्येक प्लॅनच्या वेळी विचारा. त्याचबरोबर त्याचं इंग्लिश वाढलंही पाहिजे, त्यात सूट नाही. वर्गात लागणारी रोजची वाक्यं, गट करणं, वेळ सांगणं, शाबासकी, पुन्हा म्हणायला लावणं, ही घोटून घ्या, आणि कोर्सभर रोज काहीतरी वाचायला आणि ऐकायला लावा.

वर्गात विद्यार्थ्यांची भाषा वापरायची की नाही यावर ट्रेनी भांडतात. "तरीसुद्धा" सारखा शब्द एका सेकंदात मराठीत सांगून पुढे गेलात तर वाचलेली पाच मिनिटं बोलण्याच्या सरावाला मिळतात, मी याला पूर्ण पाठिंबा देते. पण प्रत्येक वाक्यामागे भाषांतर सुरू झालं की विद्यार्थी इंग्लिश ऐकणं बंद करतात, फक्त मराठीची वाट बघतात. ट्रेनीला सांगा की तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये आपली भाषा कुठे कुठे आली त्या जागा खुणा करून आण आणि प्रत्येक खुणेला कारण लिही. कारण सापडलं नाही ती जागा पुढच्या वेळी बदलायची.

कोर्सच्या शेवटच्या आठवड्यात मी आणखी एक गोष्ट करते, त्यासाठी पहिल्या तासाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग ठेवावं लागतं, विद्यार्थ्यांची परवानगी घेऊन, आणि कॅमेरा विद्यार्थ्यांकडे तोंड करून. प्रत्येक ट्रेनीने आपला पहिला तास एकट्याने बघायचा आणि एक पान लिहायचं, त्यात "मी" हा शब्द येता कामा नये. फक्त समोरच्या माणसांनी काय केलं ते. पहिल्या आठवड्यात हेच काम दिलं होतं तेव्हा चार ओळींच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात पान पुरत नाही, मागच्या बाजूला लिहितात, आणि तिसऱ्या बाकावरची ती वही मिटून बसलेली बाई त्यात बहुतेक सगळ्यांकडे असते.